नर्मदेत मीठ

नळाला नर्मदा येते एक दिवसाआड, सकाळी सव्वासहाला.
सत्तावीस वर्षं तिच्यातला क्लोरीन मी मोजला,
परीक्षानळी खिडकीशी धरून, पिवळा किती पिवळा.
आता निवृत्त झाल्यावर, सुदामा नगरात,
तोच क्लोरीन घरी बसून काढते.

मग वीस लिटरला सातशे ग्रॅम मीठ.
जेवणातलं नव्हे, समुद्राचं; पोत्यात येतं.
पोतं जिन्यावर चढवताना हमाल म्हणाला,
"आँटी, इतना अचार कौन खाएगा?"
मी म्हटलं, है कोई.
तिकडे भडोचला, चारशे किलोमीटरवर,
ती आपली आपण खारी होतेच.
मी फक्त तिची वाट अलीकडे संपवली.

तीन महिने टाकी रिकामी.
दगड, वाळू, पंपाची घरघर, आणि आत कुणी नाही.
रोज अमोनिया, रोज नायट्राइट, वहीत तारीखवार.
कुमुदवहिनी दारातूनच विचारायच्या,
"येणारंय कोण, ते तरी सांगा!"
अजून पाणी तयार नाही, वहिनी.

तो आला थर्माकोलच्या खोक्यात,
मुठीएवढा, भीतीनं पांढरा.
पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत
मी दोन तास फरशीवर बसले.
एवढा वेळ मी कुणाला
माझ्या घरात यायला दिला नव्हता.

अंडंसुद्धा न आणलेल्या घरात
दर गुरुवारी खेकडे.
शब्बीरभाई वेरावळच्या मालातले जिवंत निवडून ठेवतात,
हसत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

झाकणाला चार क्लिपा, वर पाटा.
तरी एका रात्री नळीच्या भोकातून, अंगठ्याएवढ्या,
सगळाच्या सगळा बाहेर.
न्हाणीच्या वाटेवर सापडला, धूळ लागलेला.
ओल्या हातांनी उचलला तर मनगटाला धरून बसला,
पाण्यात गेल्यावरही सोडेना.
गोल ठसे दोन दिवस होते.
भाजीवालीनं विचारलं, काय हो, काय चावलं?

तांबं चालत नाही. कणभरसुद्धा नाही.
पंचपात्र, पळी, पाण्याचा हंडा, सगळं वहिनींकडे गेलं,
बोटातली अंगठी डबीत.
आणि मग वाचलं, की याचं रक्तच तांब्याचं,
म्हणून निळं.
मी रसायनशास्त्राची बाई. कागदावर मला हे कळतं.
तरी डबीचं झाकण लावायला वेळ लागला.

मे महिन्यात दुपारी वीज गेली.
चोवीस, साडेचोवीस, सव्वीस.
वहिनी धावत वर आल्या, पदरात बर्फाच्या बाटल्या,
आणि त्यानं नेम धरून त्यांच्या चष्म्यावर पिचकारी मारली.
"मेल्या!" म्हणाल्या,
आणि दुसऱ्या दिवसापासून रोज येऊ लागल्या.

दिवाळीच्या सुमारास कळलं, तो नव्हे, ती.
दगडाच्या पोटाला तांदळासारखी अंडी,
नर कुठला इथे? पोकळ सगळी.
तरी ती त्यांच्यावर पाणी फुंकत राहिली
रात्रंदिवस, दीड महिना.
खायचं सोडलं. खेकडा समोरून जायचा,
आधी भिंतीला चिकटून, मग मधूनच,
मग तिच्या हातावर पाय देऊन.
वहिनी म्हणाल्या, सांगा ना तिला कुणीतरी.
कुणी सांगायचं, आणि कुठल्या भाषेत?
वहीत त्या दिवशीही मी लिहिलं:
अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य.

तिला मी अंगणात पुरलं, कडिपत्त्यापासून लांब,
मिठानं मुळं जळतात म्हणून.

टाकी चालू आहे. खेकडा आहे ना आत.
त्याचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.
पाणी रोज बोटभर उतरतं;
उडतं ते गोडं, मीठ सगळं मागे राहतं.
म्हणून एक दिवसाआड, सव्वासहाला,
बादली लावते.